चार वर्षांनी जागा होणारा कुंभकर्ण

ऑस्ट्रेलियात एक भाकीत दर चार वर्षांनी नव्या शाईत छापलं जातं. सॉकर हा या देशातला झोपलेला कुंभकर्ण आहे, आता त्याला जाग आली आहे, आणि तो एकदा उठून बसला की इथल्या बाकीच्या फुटबॉलांची धडगत नाही. विश्वचषकाचा महिना असतो. अपरात्री मेलबर्नच्या फेडरेशन स्क्वेअरवर हजारो माणसं पडद्याकडे डोळे लावून उभी असतात, लाल धुराच्या नळ्या पेटतात, अनोळखी लोक एकमेकांच्या गळ्यात पडतात, आणि अशा वेळी जो भाकीत करत नाही तो कोत्या मनाचा ठरतो. रामायणातला कुंभकर्ण निदान सहा महिन्यांनी उठायचा आणि उठल्यावर पोटभर जेवायचा. हा चार वर्षांनी उठतो, घरादाराची झोप मोडतो, आणि आता याला वाढायला घ्यावं म्हणून लोक ताटं मांडतात तोवर कूस बदलून घोरायलाही लागलेला असतो.

एका देशाला इतके फुटबॉल कशाला लागतात, हे कोडं मला लेकीकडे मेलबर्नला राहायला गेल्यावर पडलं. एक तिथला खास, ज्याला सगळे लाडाने फूटी म्हणतात. दुसरा रग्बी लीग, सिडनी आणि ब्रिस्बेनचा जीव की प्राण. तिसरा रग्बी युनियन, बड्या खाजगी शाळांच्या हिरवळीवर वाढलेला आणि जरा नाक वर करून चालणारा. आणि चौथा आपला गोल चेंडूचा, साऱ्या जगाने मान्य केलेला, फक्त इथेच दाराशी ताटकळत उभा राहिलेला. फूटी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, मैदानावर काहीतरी दुर्घटना घडली असावी आणि छत्तीस माणसं मदतीला धावत असावीत. चेंडू लंबगोल, मैदान लंबगोल. चेंडू हातात धरून पळायचं, पण पळता पळता तो जमिनीवर आपटायचा. सोबत्याकडे द्यायचा तर फेकायचा नाही, एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा. आणि उंचावरून येणारा चेंडू झेलण्यासाठी पुढच्या गड्याच्या पाठीवर गुडघे टेकून चढलात तरी कुणी रागावत नाही, उलट आख्खं मैदान उठून टाळ्या पिटतं.

या खेळाची जन्मकथा मोठी मजेशीर आहे. टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने 1858 साली वर्तमानपत्राला पत्र लिहून सुचवलं, की हिवाळ्यात क्रिकेटपटू आळसावतात, तर त्यांना अंग हलवायला एखादा फुटबॉल क्लब काढावा. पुढच्याच वर्षी चार मंडळींनी बसून नियम लिहून काढले. लंडनच्या फुटबॉल असोसिएशनचे नियम आले 1863 मध्ये. म्हणजे ज्याला जग फुटबॉल म्हणतं त्याचा कागद व्हायच्या चार वर्षं आधी मेलबर्नकरांनी आपल्या घराची कागदपत्रं करून घेतली होती. सिडनीच्या बाजूला सॉकरचा पहिला नोंदलेला सामना पॅरामट्टा इथे झाला तो 1880 मध्ये. तोवर घरातल्या सगळ्या खोल्या लागलेल्या होत्या.

फूटीत मला सर्वांत भावली ती तिची गुण देण्याची रीत. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू गेला तर सहा गुण. नेम थोडा चुकून बाजूच्या फटीतून गेला, किंवा खांबाला चाटून गेला, तरी एक गुण. आणि तिथे उभा असलेला गोल अंपायर (पूर्वी तो पांढरा कोट आणि हॅट घालून, अगदी एखाद्या जुन्या दवाखान्यातून आल्यासारखा उभा असायचा) सहा गुणांसाठी दोन झेंडे फडकावतो आणि एका गुणासाठी एक. पण फडकावतो दोन्ही वेळा तितक्याच गांभीर्याने. चुकलेल्या नेमाची अशी सरकारी इतमामाने दखल घेणारा दुसरा खेळ माझ्या माहितीत नाही. सॉकर किती निष्ठुर! चेंडू खांबाला लागला की लागला, कपाळाला हात लावा आणि परत पळा. आणि नशिबाचा खेळ असा, की ज्या देशात ‘थोडक्यात चुकलं’ याला गुण मिळतो, तिथे सॉकरचं शंभर-सव्वाशे वर्षं नेमकं थोडक्यात चुकत आलं आहे, आणि त्याच्यासाठी मात्र कुणी एक झेंडाही हलवत नाही.

फूटी आणि रग्बी यांच्यामध्ये तिथे एक अदृश्य सीमारेषा आहे. इयन टर्नर नावाच्या इतिहासकाराने 1978 साली एका व्याख्यानात ती आखली. या रेषेच्या एका अंगाला मेलबर्न, ॲडलेड, पर्थ आणि फूटी. दुसऱ्या अंगाला सिडनी, ब्रिस्बेन आणि रग्बी. रेषेला नाव दिलं फूटीचा थोर खेळाडू रॉन बरासी याचं, आणि ते व्याख्यान होतं ‘रॉन बरासी स्मृती व्याख्यान’. गंमत अशी, की ज्याच्या स्मृतीप्रीत्यर्थ हे व्याख्यान व्हायचं तो बरासी तेव्हा चांगला ठणठणीत होता, आणि पुढे 2023 पर्यंत जगला. जिवंत माणसाची पुण्यतिथी इतक्या प्रेमाने साजरी करणाऱ्या लोकांकडून त्यांचा खेळ कुणी हिसकावून घेऊ शकेल, यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

माझ्या मते या साऱ्या प्रकरणात एक मूलभूत घोळ आहे. भाकीत करणारे लोक खेळाकडे निवडणुकीसारखं पाहतात; कोणाला किती मतं, कोण पुढे, कोण मागे. मेलबर्नमधली फूटी म्हणजे कुलदैवत आहे. ते निवडलेलं नसतं, चालत आलेलं असतं. तिथे बाळ जन्मलं की त्याला आधी क्लबाचं सभासद करून टाकणारे आईबाप आहेत. बाळाचं नाव ठरायचं असतं, संघ ठरलेला असतो. माझ्या जावयाचा जन्म सांगलीचा, त्यामुळे त्याला असं काही वारशाने मिळालेलं नव्हतं. पण नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात साहेबाने विचारलं, “तू कोणाकडून?” गोत्र विचारल्यासारखाच तो प्रश्न होता. जावयाने गडबडून, ट्रेनमध्ये रोज ज्यांच्या काळ्या-पांढऱ्या मफलरी दिसत त्या कॉलिंगवुडचं नाव घेतलं. आज त्याच्याइतका कडवा कॉलिंगवुडवाला त्यांच्या गल्लीत नाही. सप्टेंबरमध्ये अंतिम सामन्याच्या आदल्या शुक्रवारी व्हिक्टोरिया राज्याला सार्वजनिक सुट्टी असते. मी विचारलं, “अहो, सामना शनिवारी ना? मग शुक्रवारी सुट्टी कशाची?” तर जावई म्हणाले, “आई, तयारी नको का करायला?” हरतालिकेच्या उपासाची तयारी आदल्या दिवशीपासून करणाऱ्या घरातली मी, यावर काय बोलणार?

कुलदैवत असलं म्हणून माणूस दुसऱ्या देवाला जात नाही असं थोडंच आहे? ज्योतिबाला नारळ फोडणारे तिरुपतीच्या रांगेतही उभे राहतात. हे मला कळायला मेलबर्नला जायची गरज नव्हती, कारण मी कोल्हापूरची आहे. कुस्तीची पंढरी म्हणून ज्या गावाचं नाव घेतात, जिथे शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान उभं केलं, त्या गावात फुटबॉलचं वेड बघायला लांबून माणसं येतात. आणि संघांची नावं काय? पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. तालीम म्हणजे लाल माती, तेल, हनुमानाची तसबीर आणि जोर-बैठका. आणि तिच्याच नावाची जर्सी घालून पोरं शाहू स्टेडियमवर फ्री किक मारतात. माझे एक मामा होते, कुस्ती करून करून कान चपटे झालेले, मान खांद्यात बुडालेली. पहाटे आखाड्यात नव्या पोरांना डाव शिकवायचे आणि दुपारी सामन्याला जाऊन लाइन्समनला ऑफसाइड म्हणजे काय ते शिकवायचे. लाइन्समन शिकत नसे, हे त्यांचं आयुष्यभराचं दुःख. विश्वचषक आला की पेठेपेठेत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागत, आणि दोन गल्ल्यांतलं वैर दक्षिण अमेरिकेच्या नावाने पुढे चालू राही. फुटबॉलने कुस्तीला मागे टाकलं का, असं मामांना कुणी विचारलं असतं, तर त्यांनी विचारणाऱ्याला आधी चहा पाजला असता आणि मग हळूच त्याची तब्येत विचारली असती.

ऑस्ट्रेलियात मात्र या दुसऱ्या देवाची अडचण वेगळीच झाली. तो नव्या जोमाने आला बोटीतून, दुसऱ्या महायुद्धानंतर, ग्रीक, इटालियन, क्रोएट, हंगेरियन, मॅसेडोनियन लोकांच्या पेट्यांमध्ये. दिवसभर कारखान्यात राबलेली माणसं रविवारी आपापल्या क्लबात जमत, स्वतःच्या भाषेत शिव्या देत, कोळशावर भाजलेलं मटण खात. जुन्या घरची हवा छातीत भरून घ्यायला त्यांच्याकडे तेवढीच एक जागा होती. बाहेरचे लोक नाकं मुरडायचे. जॉनी वॉरन हा तिथल्या सॉकरचा मोठा खेळाडू आणि त्याहून मोठा प्रचारक. त्याने 2002 साली आत्मचरित्र लिहिलं, त्याच्या नावात तीन शिव्या आहेत. बायका, स्थलांतरित आणि समलिंगी पुरुष यांना हिणवायच्या या शिव्या सॉकर खेळणाऱ्यांच्या वाट्याला लहानपणापासून येत. पुढे सॉकरच्या कारभाऱ्यांनीच फतवे काढले, की क्लबांची नावं ‘परकी’ नकोत, ग्रीक-क्रोएट खुणा काढून टाका, म्हणजे सगळा देश आपल्याकडे येईल. ज्यांनी दिवा तेवत ठेवला त्यांनाच घर झाडून घ्यायला सांगितलं. देश काही आला नाही.

पण त्या क्लबांच्या दिवसांत केवढं वैभव होतं! ग्रीकांच्या साउथ मेलबर्न हेलासने 1989 साली प्रशिक्षक म्हणून कोणाला आणावं? फेरेंत्स पुश्काशला! ज्या हंगेरीने 1953 साली इंग्लंडला त्यांच्याच वेम्बलीवर सहा गोल मारले, त्या हंगेरीचा कर्णधार. रेआल माद्रिदचा देवमाणूस. पोट सुटलेला, हसरा, इंग्रजी जेमतेम. मात्र अथेन्समध्ये संघ सांभाळलेला असल्याने त्याला ग्रीक येत होतं, आणि संघाचा तरुण कर्णधार ग्रीक बोलणारा होता. तोच पुश्काशला गाडीतून ने-आण करी आणि त्याचं बोलणं इतरांना समजावून सांगे. जगातल्या सर्वश्रेष्ठ खेळाडूंपैकी एक माणूस उपनगरातल्या सिग्नलला थांबलाय आणि शेजारच्या गाडीतल्या फूटीवाल्याला त्याचा पत्ता नाही, हे दृश्य मी मनाशी अनेकदा रंगवलं आहे. त्या ग्रीकांचं मैदान पुढे मोटारींच्या शर्यतीच्या रस्त्यासाठी पाडलं गेलं. त्यांना नवी जागा मिळाली ती जवळच्याच तळ्याकाठी. तिथे पूर्वी फूटीचा एक जुना संघ खेळायचा, पण तो 1982 मध्येच बिऱ्हाड उचलून सिडनीला गेला होता. फूटीच्या जागेवर सॉकरने झेंडा रोवल्याचं हे दुर्मीळ उदाहरण. अट एवढीच, की आधीचा भाडेकरू स्वतःहून निघून गेलेला असावा.

सॉकरचं तिथे थोडक्यात का चुकतं, याची कारणं विद्वान देतात, पण चाहत्यांत चालते ती कथा मांत्रिकाची. 1969 साली विश्वचषकाच्या पात्रता फेरीसाठी संघ मोझांबिकला गेला होता, ऱ्होडेशियाशी गाठ होती. दोन सामने बरोबरीत सुटले. तेव्हा खेळाडूंनी एका स्थानिक मांत्रिकाला गाठलं. त्याने गोलखांबांपाशी हाडं पुरली आणि तिसरा सामना ऑस्ट्रेलियाने 3-1 असा जिंकला. मग मांत्रिकाने आपली दक्षिणा मागितली, हजार पौंड. खेळाडूंकडे कुठले एवढे पैसे? ते तसेच विमानात बसले आणि मांत्रिकाने जाणाऱ्या विमानाकडे पाहून शाप फिरवला. पुढे 1974 चा विश्वचषक मिळाला, पण तिथे तीन सामन्यांत मिळून एक गोल झाला नाही. 1997 मध्ये मेलबर्नला इराणविरुद्ध दोन गोलांची आघाडी होती, पात्रता हातात आली होती. तेवढ्यात एक नादिष्ट इसम मैदानात घुसला आणि इराणच्या गोलची जाळी तोडून बसला. जाळी दुरुस्त झाली, खेळ सुरू झाला, इराणने दोन गोल केले आणि सगळं संपलं. शेवटी 2004 मध्ये एक टीव्हीवरचा विनोदी कलाकार शाप उतरवायला मोझांबिकला गेला. मूळ मांत्रिक वारला होता, पण दुसऱ्याने कोंबडं कापून विधी केला. राहिलेलं माती फासून धुण्याचं काम सिडनीच्या मैदानात जॉनी वॉरनला सोबत घेऊन उरकलं. त्याच नोव्हेंबरात वॉरन गेला. पुढच्या वर्षी, 16 नोव्हेंबर 2005 ला, उरुग्वेविरुद्ध जॉन अलोईसीने शेवटची पेनल्टी जाळीत मारली आणि बत्तीस वर्षांनी विश्वचषकाचं दार उघडलं. मी अंधश्रद्धा मानत नाही. पण कामाचे पैसे बुडवू नयेत, मग तो सुतार असो की मांत्रिक, हे आमच्या घरी आम्हाला बजावून सांगितलेलं होतं.

या खेळाच्या संपत्तीचीही कथा अशीच. क्रिकेटच्या ॲशेसची इवलीशी राखदाणी सगळ्यांना ठाऊक आहे. सॉकरचीही राख आहे! 1923 साली न्यूझीलंडचा संघ ऑस्ट्रेलियात आला, तेव्हा दोन्ही कर्णधारांनी ओढलेल्या सिगारींची राख चांदीचा मुलामा दिलेल्या एका डबीत जपून ठेवली. डबी मुळात दाढीच्या वस्तऱ्याची, गॅलिपोलीच्या लढाईत एका सैनिकाबरोबर जाऊन आलेली. तिच्याभोवती दोन्ही देशांच्या लाकडांची नक्षीदार पेटी केली. काही वर्षं या राखेसाठी दोन देश लढले, आणि 1954 नंतर ती पेटी नाहीशी झाली. चोरीला गेली नाही, जळली नाही. फक्त कुठे ठेवली ते आठवेना. 2023 मध्ये एका दिवंगत पदाधिकाऱ्याच्या घरच्या गॅरेजमध्ये आवराआवर करताना ती सापडली. क्रिकेटची राख लॉर्ड्सला काचेत, आणि सॉकरची जवळपास सत्तर वर्षं जुन्या सामानात. तरी मला त्या पेटीचं कौतुक वाटतं. आमच्या माळ्यावरही आजोबांचा एक तबकडीचा फोनो असाच कुणी विचारेल म्हणून वाट पाहत होता. कुणी विचारलं नाही, आणि एका दिवाळीला तो बोहारणीबरोबर गेला.

त्याच 2023 मध्ये कुंभकर्ण सर्वांत मोठ्याने गरजला, आणि तोही बायकांच्या आवाजात. महिलांचा विश्वचषक ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये होता. ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाचा फ्रान्सविरुद्धचा सामना पेनल्टींवर गेला. एक नाही, दोन नाही, वीस पेनल्टी. कॉर्टनी वाइनने विसावी मारली आणि देशाला बोलता येईना. त्याच संध्याकाळी मेलबर्नच्या क्रिकेट मैदानावर, म्हणजे एमसीजीवर, कार्लटन आणि मेलबर्न यांचा फूटीचा सामना होता, आणि तिथे आलेले प्रेक्षक स्टँडखालच्या टीव्हींसमोर कोंडाळं करून त्या पेनल्टी पाहत होते. उपांत्य फेरीत इंग्लंडकडून हार झाली, पण तो सामना थोडाफार तरी पाहणाऱ्यांची संख्या एक कोटी दहा लाखांवर गेली. देशाची लोकसंख्याच अडीच कोटींहून थोडी जास्त. त्या सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या सॅम करने दुरून मारलेला गोल माझ्या लेकीने सोफ्यावर उभं राहून पाहिला. ती लहानपणी शाहू स्टेडियमवर जायचा हट्ट करायची आणि मामा म्हणायचे, तिथं पोरींचं काय काम. मामा तेव्हा असते तर त्यांनी तिच्या शेजारी बसून रेफरीला शिकवलं असतं. भाकितं पुन्हा छापून आली, हे सांगायला नकोच. आणि मग एमसीजीवरची ती माणसं जिना चढून आपापल्या जागेवर जाऊन बसली आणि कार्लटनसाठी घसा कोरडा करू लागली, तशीच सगळ्या देशाने हळूहळू आपली जागा घेतली.

झोप लागायला कधीकधी पंधरा दिवसही लागत नाहीत. 2022 च्या डिसेंबरात पुरुषांच्या संघाने अर्जेंटिनाला घाम फोडला, देश भारावला; आणि दोनच आठवड्यांनी मेलबर्नच्या दोन संघांतल्या सामन्यात प्रेक्षक, कारभाऱ्यांवरच्या रागाने, मैदानात घुसले आणि एका गोलरक्षकाच्या तोंडावर बादली बसली. सामना बंद. दुसऱ्या दिवशी फूटीवाल्यांना काही करावंच लागलं नाही. ते नुसते वर्तमानपत्र उघडून बसले.

आणि तरी शनिवारी सकाळी कुठल्याही उपनगरातल्या मैदानावर जाऊन पाहा. तिथे सॉकरच सॉकर आहे. संघ करून खेळणाऱ्यांच्या संख्येत या देशात सॉकर पहिला, रग्बी आणि फूटी दोन्ही त्याच्या मागे. माझा नातूही त्यातलाच. दव पडलेल्या गवतावर पोटऱ्यांपर्यंत मोजे ओढून दहा-दहा पोरं चेंडूभोवती मधमाश्यांसारखी घोंगावतात, बाजूला व्हिएतनामी, सुदानी, पंजाबी, ग्रीक आया घड्या घालायच्या खुर्च्यांवर थर्मास घेऊन बसलेल्या, एका बापाच्या हातात सोललेल्या संत्र्यांचा डबा. मध्यंतराला मी नातवाला विचारलं, “तुला कुठला खेळ जास्त आवडतो रे?” तो संत्र्याची फोड चोखत म्हणाला, “आज्जी, खेळायला सॉकर. बघायला फूटी. हे सगळ्यांना माहितीय.” दुपारी तो बापाच्या शेजारी काळी-पांढरी मफलर गुंडाळून बसला होता, आणि कोल्हापुरात मामांनी उच्चारलेले काही शब्द त्याच्या तोंडून इंग्रजीत ऐकून मला भरून आलं.

पुश्काशला गाडीतून नेणारा तो तरुण कर्णधार म्हणजे अँजी पोस्टेकोग्लू. पाच वर्षांचा असताना आईबापांबरोबर ग्रीसहून बोटीने मेलबर्नला आलेला मुलगा. पुढे त्याच ऑस्ट्रेलियाचा तो प्रशिक्षक झाला आणि 2015 चा आशिया चषक त्याने जिंकून दिला. मग जपान, स्कॉटलंड करत इंग्लंडला गेला आणि 2025 मध्ये टॉटनहॅमला युरोपा लीगचा करंडक मिळवून दिला (त्यांनी सोळा दिवसांत त्याला नारळ दिला, ते वेगळं). ऑस्ट्रेलियातला कुणी माणूस सॉकरच्या जगात प्रशिक्षक म्हणून इतक्या उंचीवर पोचला नव्हता. त्याच्या नावाने भाकीतवाल्यांची चार-दोन वर्षं सहज निघाली असती. पण हा गृहस्थ फूटीत पक्का कार्लटनवाला आहे, आणि कार्लटनने शेवटचं विजेतेपद मिळवलं ते 1995 साली. त्यावर पोस्टेकोग्लूकडेही काही डावपेच नाहीत.